पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदावरील शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतील अर्बुद बहुधा नाकावाटे काढले जाते. कवटी उघडावी लागत नसल्याने ही शस्त्रक्रिया सोपी वाटते. तथापि तिचे यश बऱ्याच अंशी त्यानंतरच्या शुश्रूषेवर अवलंबून असते.

पहिल्या 48 तासांत परिचारिकेचे मुख्य साधन म्हणजे लघवीचे मोजपात्र होय. सलग दोन-तीन तास दर तासाला 250 मिलिलिटरहून अधिक, पाण्यासारखी फिकट लघवी आणि अनावर तहान ही व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या कमतरतेची चिन्हे असू शकतात. या विकारास पूर्वी ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणत. मधुमेहाशी होणारा घातक गोंधळ टाळण्यासाठी 2022 मध्ये हे नाव बदलण्याचे सुचविण्यात आले. नाकातून स्वच्छ पाणी येणे अथवा घशात खारट चव जाणवणे यास सर्दी मानू नये. ती मस्तिष्कमेरुद्रवाची गळती असू शकते. म्हणून उशाकडील बाजू 30 अंश उंच ठेवावी, नाक शिंकरू देऊ नये, तोंड उघडे ठेवून शिंकण्यास सांगावे. दृष्टीही वारंवार तपासावी.

खरी कसोटी मात्र रुग्ण घरी गेल्यावर. साधारणतः चौथ्या ते दहाव्या दिवशी रक्तातील सोडियम घसरू शकते. बदलापूरजवळील चामटोलीसारख्या गावचा रुग्ण तोवर मुंबईहून परतलेला असतो. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा यांना अशक्तपणा समजून ‘भरपूर पाणी पी’ असे सांगितले जाते आणि नेमके तेच सोडियम आणखी खाली नेते. सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी बदलापुरातच करवून घेण्याची सूचना, तसेच हायड्रोकॉर्टिसोनची गोळी स्वतःहून बंद न करण्याची ताकीद, डिस्चार्जच्या कागदावर मराठीत लिहून द्यावी व नातेवाइकांकडून वदवून घ्यावी.