धानाचा मोड आणि पेशीविभाजन

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यात पऱ्हे टाकण्यापूर्वी भिजवून ओल्या पोत्यात दडपलेल्या बियाण्याला पांढरे टोक दिसले की दाण्यातील पेशी भराभर विभागू लागल्या, असे सर्रास मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. दाण्याने पाणी शोषले की गर्भातील पेशी आधी फुगतात व लांबतात, आणि तूस फोडून बाहेर आलेले टोक मुख्यतः या लांबण्याचा परिणाम असते. पेशीविभाजन, म्हणजे पेशीने आपल्या गुणसूत्रांची (केंद्रकातील आनुवंशिक धाग्यांची, धानात ती 24 असतात) नक्कल करून दोन पेशींत ती सारखी वाटणे, सहसा त्यानंतर वेग घेते. सुक्या दाण्यात बहुतेक पेशी या नकलेच्या आधीच्या टप्प्यावर थांबलेल्या असतात, आणि साठवणीत डीएनएची झालेली मोडतोड आधी दुरुस्त व्हावी लागते. 1960च्या सुमारास अमेरिकेत ॲलन हेबर व सहकाऱ्यांनी गव्हाच्या बियांवर गॅमा किरणांचा इतका मारा केला की त्यांची विभाजनाची क्षमताच संपली. तरीही त्या बिया रुजल्या, रोपे वर आली आणि मग वाढ खुंटली.

धान हे पाण्यातले पीक, तेव्हा बी जितके बुडेल तितके बरे, हा समजही असाच अर्धवट आहे. साचलेल्या पाण्यात प्राणवायू तुटपुंजा असतो. अशा वेळी दाणा साखर आंबवून जेमतेम ऊर्जा मिळवतो आणि ती कोंबाभोवतीचे नळीसारखे आवरण हवेपर्यंत लांबवण्यात खर्च करतो, मूळ मात्र मागे राहते. बांधीच्या खोलगट कोपऱ्यातला असा दाणा उचलून पाहिला तर लांब पांढरा कोंब दिसतो, मूळ जवळपास नसतेच. वाफ्यातील पाण्याचा निचरा करण्यामागचे कारण हेच.

रोपाच्या अंगभर सारखेच विभाजन चालते, असेही नाही. मुळाच्या टोपीमागचा अगदी थोडा भाग, खोडाचा शेंडा आणि पानाचा तळ एवढीच त्याची मुख्य ठिकाणे. म्हणून शेळीने पऱ्ह्याच्या पानांचे शेंडे खुडले तरी कोवळी पाने खालून वर सरकत राहतात. त्यातली पहिली तीन पाने तर पक्व दाण्याच्या गर्भातच सूक्ष्म रूपात तयार असतात.

बारीक दाण्याचे रोप नाजूक, ही समजूतही तपासावी लागते. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून पुढे आणलेल्या एचएमटी वाणाचा दाणा बारीक आहे, पण 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून केलेल्या द्रावणात बियाण्याची पारख होते ती भरीवपणाची, आकाराची नव्हे. पोचट तेवढे तरंगते.

सर्वांत फसवा समज म्हणजे उंच रोप जोमदार. गर्भाकडून येणारे जिबरेलिन हे संप्रेरक दाण्याच्या बाहेरच्या जिवंत थराला विकरे सोडायला लावते, त्यांमुळे आतल्या मृत पेशींतील स्टार्चची साखर होते, आणि हेच संप्रेरक पेशी लांबवतेही. 1926 साली एइची कुरोसावा यांनी दाखवले की धानाची काही रोपे अवाजवी उंच वाढतात ती एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे. ते द्रव्य पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले. अशी फिकट, लुकडी रोपे बहुधा मरतात किंवा त्यांच्या लोंब्या पोचट राहतात, म्हणून रोवणीसाठी पेंढ्या बांधतानाच ती वेगळी काढावी लागतात.