दृश्यपटलातील प्रकाशदिशा नियंत्रण

संगणक, भ्रमणध्वनी, स्वयंचलित रोकड यंत्र इत्यादींच्या दृश्यपटलातून बाहेर पडणारा प्रकाश ठराविक कोनमर्यादेत ठेवून पटलावरील मजकूर केवळ समोरच्या व्यक्तीला दिसावा व बाजूच्या व्यक्तीला वाचता येऊ नये, यासाठी योजण्यात येणाऱ्या प्रकाशकीय उपायांचा समावेश या विषयात होतो. सांकेतिक लिपीकरणाने माहिती साठवताना व पाठवताना सुरक्षित राहते. परंतु ती पटलावर उमटली की कोणाच्याही डोळ्यांना उघडी असते. या शेवटच्या टप्प्यावरील संरक्षण प्रकाशाच्या दिशेवरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी : द्रव स्फटिकांचा शोध १८८८ मध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर यांनी लावला. मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७०-७१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पीळदार रचनेची घटमाला तयार केली व तीवरून घड्याळे, गणकयंत्रे व पुढे संगणक यांचे सपाट पटल विकसित झाले. या रचनेत विद्युत् दाबामुळे रेणू काचेच्या पृष्ठाशी तिरपे उभे राहतात. समोरून व बाजूने येणाऱ्या किरणांना ते निरनिराळ्या कोनांत भेटत असल्याने बाजूने पाहिल्यास उठाव कमी होतो व रंग बदलतात. हा दोषच मानला जाई. तो घालविण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात रेणू काचेला समांतर पातळीतच फिरविणाऱ्या, तसेच प्रत्येक चित्रबिंदूचे निरनिराळ्या दिशांना कललेले भाग पाडणाऱ्या रचना प्रचारात आल्या. परिणामी पटल जवळजवळ सर्व बाजूंनी सारखाच स्पष्ट दिसू लागला आणि जुन्या दोषामुळे आपोआप मिळणारा आडोसा नाहीसा झाला. आता तोच आडोसा हेतुपुरस्सर व हवा तेव्हाच निर्माण करावा लागतो [⟶ द्रव स्फटिक, ध्रुवण].

सूक्ष्म पट्ट्यांचे पटल : सर्वांत साधा उपाय जुन्या घरांच्या व कचेऱ्यांच्या झिलमिलीच्या खिडक्यांसारखा आहे. झिलमिलीच्या पट्ट्या एका दिशेने दृष्टी जाऊ देतात व दुसऱ्या दिशेने अडवितात. त्याचप्रमाणे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात काळ्या, प्रकाश शोषणाऱ्या उभ्या भिंती अगदी जवळजवळ बसविलेल्या असतात. पटलाला लंब दिशेने येणारे किरण भिंतींमधील फटींतून बाहेर पडतात. तिरपे किरण भिंतीवर आदळून शोषले जातात.

कोनमर्यादा फटीची रुंदी व भिंतीची उंची यांच्या गुणोत्तरावरून ठरते. उदा., फट ५० मायक्रोमीटर रुंद व भिंत १५० मायक्रोमीटर उंच असल्यास पत्र्याच्या आत सु. १८° पर्यंत तिरपा असलेला किरण निसटू शकतो. प्लॅस्टिकचा प्रणमनांक १·५ धरल्यास हवेत येताना प्रणमनामुळे हाच कोन सु. २८° होतो. कोन वाढेल तसा फटीचा उघडा भाग कमी होत असल्याने अंधार एकदम न येता क्रमाक्रमाने येतो. भिंती उभ्या असल्याने डावीउजवीकडील दृष्टी अडते. वरून किंवा खालून पाहणाऱ्याला मात्र अडथळा होत नाही. भिंतींची स्वतःची जाडी प्रकाशाचा काही भाग अडवीत असल्याने समोरूनही पटल थोडा मंद दिसतो. ही दीप्ती भरून काढावयाची झाल्यास विद्युत् घटावरील भार वाढतो. मोटारगाडीतील दर्शकांचे प्रतिबिंब रात्री समोरच्या काचेत पडू नये म्हणूनही असा पत्रा वापरतात.

बदलता येणारी योजना : चिकटविलेला पत्रा नेहमीच अडथळा करतो, दोघांनी मिळून एकच मजकूर पाहावयाचा असल्यास तो काढावा लागतो. यासाठी कळ दाबून कोनमर्यादा बदलता येईल अशा पद्धती निघाल्या. एका पद्धतीत द्रव स्फटिक पटलामागील प्रकाश प्रथम अरुंद शलाकेच्या रूपात आणतात व पुढे द्रव स्फटिकाचे सूक्ष्म थेंब असलेला बहुवारिकाचा थर ठेवतात. विद्युत् दाब दिल्यावर थेंब व बहुवारिक यांचे प्रणमनांक जुळतात, थर पारदर्शक होतो आणि शलाका अरुंदच राहते. दाब काढल्यावर प्रणमनांकांत फरक पडून प्रकाश सर्वत्र विखुरतो. दुसऱ्या पद्धतीत द्रव स्फटिकाची एक जादा घटमाला बसवून फक्त तिरप्या किरणांचे ध्रुवण बदलतात व ते किरण ध्रुवकात शोषले जातात. एचपी कंपनीने २०१६ मध्ये अशी अंगभूत सोय असलेले लॅपटॉप संगणक जाहीर केले. कार्बनी प्रकाशोत्सर्जक पटलांत मागील दिवा नसतो. तेथे अरुंद व रुंद कोनांत प्रकाश देणारे असे दोन प्रकारचे चित्रबिंदू योजून हाच परिणाम साधता येतो.

मर्यादा : बसमध्ये डोळ्यांपासून ४० सेंमी. अंतरावर भ्रमणध्वनी धरलेल्या प्रवाशाच्या शेजाऱ्याचे डोळे सु. ४५ सेंमी. बाजूला असतील, तर तो पटलाकडे सु. ४८° कोनातून पाहतो; २८° मर्यादेच्या पत्र्यामुळे त्याला पटल काळा दिसेल. परंतु मागील आसनावरून खांद्यावरून डोकावणारा किंवा नेमका पाठीशी असलेला कॅमेरा मर्यादेच्या आतच येतो. तसेच पटल झाकला तरी कळफलकावर फिरणारी बोटे दिसतातच. म्हणून रोकड यंत्रात पटलावरील गाळणीबरोबर कळफलकावर आडोसाही बसवितात.

भारतातील संदर्भ : भारतातील पहिले स्वयंचलित रोकड यंत्र १९८७ मध्ये मुंबईत बसविण्यात आले. त्यानंतर बँक, रुग्णालय, न्यायालय, शासकीय सेवा केंद्र अशा ठिकाणी नागरिकाची खासगी माहिती सार्वजनिक जागेतील पटलांवर येऊ लागली. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये दुसऱ्याची माहिती हाताळणे हेच दैनंदिन काम असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मूळ नागपूरचे न्यायमूर्ती शरद अरविंद बोबडे यांनी त्यात स्वतंत्र, सहमतीचे निकालपत्र लिहिले. वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थांनी वाजवी सुरक्षा उपाय योजावेत, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आहे.

प्रकाशाची दिशा आवरणे हा अशा उपायांपैकी एक स्वस्त व सोपा उपाय होय. मात्र तो अनोळखी नजरेपुरताच आहे. वाचता न येणारा खातेदार किंवा अधू दृष्टीची वृद्ध व्यक्ती रोकड यंत्रापुढे परक्या माणसाला मदतीस बोलाविते, तेव्हा तो माणूस पटलाच्या समोरच उभा असतो व कोणतीही गाळणी त्याला अडवू शकत नाही. त्यांच्या खासगीपणासाठी मराठीतून बोलणारी यंत्रे, कानाशी ऐकू येणारी सूचना व मोठी अक्षरे यांचीच गरज असते.