दाढ ठणकतीय, म्हणून अँटिबायोटिक?

दसरा-दिवाळीला वस्तीतले कोयते कारखान्याकडे निघाले की मेडिकलवर एकच मागणी : "दाढ दुखतीय, भारी गोळी द्या." चार अ‍ॅमॉक्सिसिलिन पदरात बांधून बाई फडावर जाते. दोन खाते, उरलेल्या दोन सासूला. नर्स म्हणून हे मी किती वेळा पाहिलं!

भगिनींनो, कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. तो अँटिबायोटिकने जात नाही. दाढ उघडून साफ करायची किंवा काढायची, हाच इलाज. पुष्कळदा ठणका आपोआप थांबतो. तो गोळीचा गुण नव्हे, आतली नस मेलेली असते आणि पुढे मुळाशी पू धरतो.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र अँटिबायोटिक लागतं. तेव्हा एक रात्रही थांबू नका. अंबाजोगाईचं स्वाराती किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानात बजावलं होतं, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. पाकिटावर लाल रेघ दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि मुकादमाची गाडी यायच्या आधीच दाढ दाखवून घ्या. फडावर दातांचा डॉक्टर कुठला?