पन्हाळ्याची पळवाट

मराठी भाषेत 'पळणे' हे क्रियापद बिचारे कायमचे बदनाम झालेले आहे. पळपुटा, पळ काढणे, पळून जाणे, पळवाट; यांतला एकही शब्द आपण कुणाच्या कौतुकासाठी वापरीत नाही. 'धावणे' मात्र मानाचे. संकटात सज्जन धावून येतो, भक्त देवाचा धावा करतो. कोल्हापूरकडच्या बोलीला हा भेदभाव मान्य नाही. तिकडे शर्यतीतल्या पोराला आई 'धाव' म्हणत नाही, 'पळ की रं!' असे ओरडते. आणि मौज अशी की, महाराष्ट्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी दौड याच मुलखात झाली, आणि ती सरळसरळ पळून जाण्यासाठीच होती.

पन्हाळगड ते विशाळगड ही वाट आपल्यापैकी प्रत्येकाला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे. शके 1582, आषाढी पौर्णिमा. इंग्रजी 1660 सालचा 12 जुलै. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. भर पावसात रात्री शिवाजी महाराज गडाखाली उतरले. बरोबर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सहाशे मावळे, बाजीप्रभू देशपांडे आणि दोन पालख्या. एका पालखीत महाराजांच्या वेषातला शिवा काशीद. तो पकडला गेला आणि मारला गेला. पुढे गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला थोपवून धरले, नि महाराज विशाळगडावर पोचले. या गोष्टीतला पराक्रम आपण शंभरदा ऐकला आहे. पण तिच्यातली वाट किती जणांनी पाहिली असेल?

पन्हाळ्याहून पावनखिंड सुमारे पन्नास किलोमीटर, विशाळगडापर्यंत गेले तर साठेक. आजच्या मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर. म्हणजे जवळजवळ दीड मॅरेथॉन, तीही रात्री, पावसात, डोंगरातून. शिवाय खांद्यावर पालखी. पौर्णिमा होती खरी, पण आषाढात त्या भागात चंद्र दिसला तर नशीब म्हणायचे!

दरवर्षी जुलै महिन्यात शेकडो तरुण मुलेमुली या वाटेने जातात. बहुतेक मंडळी दोन दिवस चालतात. रात्री वाटेतल्या एखाद्या गावी शाळेत नाहीतर कुणाच्या पडवीत मुक्काम करतात. अलीकडे मात्र काहीजण हीच वाट एका दिवसात धावून पुरी करू लागले आहेत. माझ्या कॉलेजातली चार मुले आणि दोन मुली दोन वर्षांमागे या नादी लागल्या. त्यांच्यामागून जीपने गावोगावी गाठत जाण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीच्या मास्तराला याहून जास्त झेपणारेही नव्हते.

ही वाट म्हणजे एकच एक रस्ता आहे असे समजू नका. गड उतरून म्हाळुंग्याकडून चढलो की मसाईचे पठार लागते. जांभ्या दगडाचा हा उघडा सडा, एकापुढे एक अशा सपाट मेजांसारखा पसरलेला. कागदावर पाहिले तर धावणाऱ्याला याहून सोपी जागा नाही. प्रत्यक्षात पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते आणि धुके असे उतरते की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. सपाटीवर माणूस जितका सहज चुकतो तितका चढावर चुकत नाही. चढाला निदान वर-खाली तरी असते.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबवडे अशी वाड्यांची माळच लागते. इथे रान आणि शेत एकमेकांत मिसळलेले. कधी दाट झाडीतून ओढा ओलांडायचा, कधी पाणंदीतून जायचे, आणि पाणंद म्हणजे या दिवसांत गुडघाभर चिखलाचा पाटच. जळवा पायाला केव्हा लागल्या हे मोजा लाल झाल्यावर कळते. वाटेत कुणालाही विचारा, 'पुढचे गाव किती लांब?' उत्तर ठरलेले: 'हे काय, हितंच की.' हे 'हितंच' तासाभराचेही असू शकते. यात फसवणूक काही नाही. डोंगरातला माणूस अंतर मैलांत मोजत नाही, स्वतःच्या चालीत मोजतो. आणि त्याची चाल आपल्याला कुठली?

ती चाल मात्र पाहण्यासारखी आहे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई चढावर लागली की तिचे पाऊल आखूड होते, टाच पुरी टेकते, कंबर किंचित पुढे झुकते, पण पावलांचा ठेका बदलत नाही. शहरातला धावणारा नेमके उलटे करतो. ढांगा तशाच लांब ठेवतो, आणि पहिल्या चढाला धापा टाकत बसतो. बरोबरच्या मुलांनी माळेवाडीपर्यंत हा धडा गिरवला, कुणी शिकवावा लागला नाही.

पालखीच्या भोयांना हे उपजतच ठाऊक असणार. पालखी वाहताना पावले जुळावी लागतात, नाहीतर दांडी खांद्यात रुतते नि आतला माणूस हेलकावे खातो. मग त्या रात्री, निसरड्या उतारावर, पाठीमागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार असताना ती पावले कशी जुळली असतील? एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. सपाट रस्त्यावर घोड्यापुढे माणसाचे काही चालत नाही, पण चिखलात, दाट झाडीत, ओढ्याच्या दगडगोट्यांत घोड्याचा वेग उरतो कुठे? वाट अवघड होती म्हणूनच ती उपयोगाची होती.

आणि तो 'काशीद' शब्द. कासीद म्हणजे निरोप्या, पत्र घेऊन दौडत जाणारा माणूस. शब्द अरबीतला, फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला. जुन्या पत्रव्यवहारात 'कासीद जोडी' पाठविल्याचे उल्लेख येतात. एकट्याला रानात काही झाले तर दुसरा निरोप पोचवील, हा हिशेब उघड आहे. शिवा काशिदाच्या घराण्याचा या धंद्याशी संबंध होता की नाही हे मी सांगू धजत नाही. परंपरा त्याला न्हावी म्हणते. पण ज्या रात्री सहाशे माणसे धावत होती, त्या रात्री धावणाऱ्याचे नाव लावणारा माणूस मुद्दाम सापडण्यासाठी निघाला होता, हे मनातून जात नाही.

आंबवड्यापुढे एका वाडीजवळ आमच्या मुलांची गाठ भात लावणाऱ्या बायांशी पडली. रोपे लावायचे नेमके हेच दिवस. मुले घड्याळाकडे बघत शेताच्या बांधावरून पळत सुटली होती. इरले पांघरलेली एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "पोरांनो, पळा की खुशाल, कोण नको म्हणतंय? पर बांधावरनं जाऊ नका रं. बांध फुटला की समदं पाणी खालच्याच्या वावरात जातंया. मग भांडाण आमचं हुतंय."

मुले ओशाळली आणि शेताला वळसा घालून गेली. त्यात त्यांची वीस मिनिटे गेली. पण म्हातारीचे बोलणे मला जास्त लागले ते पुढच्या वाक्याने. ती म्हणाली, "आता ही वाट तुमीच तुडवताय. आमची पोरं यस्टीनं जात्यात."

हे अगदी खरे आहे. वाड्यांना सडक आली. आजारी माणूस दवाखान्यात वेळेवर पोचू लागला, मुली माध्यमिक शाळेत जाऊ लागल्या. पायवाटेच्या प्रेमाने सडकेला नावे ठेवणाऱ्या शहरी रसिकांना मी एकदा आषाढात बाळंतिणीला डोलीतून न्यायला सांगणार आहे. पण सडक आली की वाट मरते हेही तितकेच खरे. तिच्यावर रोजचे पाऊल पडले नाही की दोन पावसाळ्यांत करवंदीच्या जाळ्या ती गिळून टाकतात. मग जुलैतल्या चार दिवसांच्या गर्दीने ती उघडते, चिखलाने रुंद होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरते आणि पुन्हा मिटते. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वराच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होते. पण तिथे डांबरी रस्ता आहे, तो शर्यत नसतानाही रस्ताच राहतो. इथे तसे नाही. इथे वाट टिकवायची तर धावणाऱ्यांनी वर्षातून एकदा नव्हे, थंडीतही यावे, वाडीतल्याच एखाद्या पोराला वाटाड्या म्हणून घ्यावे, त्याचे पैसे द्यावेत, त्याच्या घरी भाकरी खावी. सुदैवाने काही मंडळी असे करू लागली आहेत. आमच्या मुलांना शेवटच्या टप्प्यात वाट दाखविणारा धनगराचा मुलगा पायात साध्या रबरी चपला घालून त्यांच्यापुढे पळत होता आणि मधूनमधून थांबून त्यांची वाट पाहत होता.

पांढरपाण्याच्या पुढे झाडी पुन्हा दाटते आणि मग खिंडीत उतरायचे. बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो. महाराजांचा संपला नव्हता. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांच्या फौजेचा वेढा होता; साठ किलोमीटर तुडविल्यावर तो फोडून वर जायचे होते. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पालखी वाहणाऱ्या भोयांची नावे कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

आमची सहाही मुले दिवस मावळायच्या सुमारास खिंडीत पोचली. पाच धडधाकट, एकीचा घोटा मुरगळलेला. तिच्या आईला फोन करण्याचे काम अर्थातच माझ्यावर आले. त्या बाई रागावतील म्हणून मी शब्दांची जुळवाजुळव करीत होतो. त्यांनी एवढेच विचारले, "पोचली ना ती? पळत की चालत?"

शेवटचे दोन किलोमीटर लंगडत, असे मी सांगितले.

पुढचे तीन दिवस ही मंडळी कॉलेजचा जिना कठड्याला धरून, आडव्या पावलांनी उतरत होती. चढ छातीला भारी, पण उतार मांड्यांना. तिथे स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलायचा असतो, आणि त्याचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. वरच्या मजल्यावरच्या माझ्या तासाला मात्र सहाहीजण हजर होते.