गुण कोणाचे, नाव कोणाचे?

'राखीव जागेवरचा डॉक्टर पोटात कात्री विसरतो' ही टवाळी आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की मेरिटवाल्यांचा आवाज आणखी चढतो. १९९२ च्या मंडल निकालातही सर्वोच्च न्यायालयाने सुपर स्पेशालिटीच्या पदांवर आरक्षण नको, असे मत नोंदवले. अशा सर्वांना आम्ही अमेरिकेतील डॉ. अलेक्सा कॅनडी यांची हकिकत सांगू इच्छितो.

१९५० साली मिशिगन राज्यातील एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्या जन्मल्या. शाळेतील चाचणीत त्यांना उत्तम गुण मिळाले, तर ते एका गोऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर चढवले गेले. एकलव्याचा अंगठा कापून घेण्याचाच हा अमेरिकन प्रकार! पुढे कॉलेजात त्यांचा आत्मविश्वास ढासळला, शिक्षण सोडण्याची वेळ आली. तेवढ्यात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शिष्यवृत्ती असल्याचे कळले आणि वाट सापडली. १९७५ साली त्या डॉक्टर झाल्या. येल-न्यू हेवन रुग्णालयात पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याने 'समान संधी'वाल्या म्हणून टोमणा मारला. त्यांनी काम सोडले नाही.

१९८१ साली प्रशिक्षण पूर्ण करून त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यूरोसर्जन ठरल्या. १९८७ ते २००१ डेट्रॉइटच्या बाल रुग्णालयात त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. मेंदूतील गाठी, मणक्याचे जन्मजात दोष, डोक्यात पाणी साचलेली लेकरे त्यांच्याकडे येत. मेंदूतील पोकळीपासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालून ते पाणी उतरवावे लागते. जरा चूक झाली तर मूल जन्माचे अधू. तिथे कोण कोणत्या कोट्यातून आले, हे कोणी आईबाप विचारत नाहीत.

२००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव उघड केला. देश बदलला, टोमणा तोच राहिला. आरक्षण दार उघडते. आतली पदवीची परीक्षा सर्वांना एकच असते, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचा प्रश्न समाजालाही आहे. खचण्याच्या वेळी कॅनडींपर्यंत एका शिष्यवृत्तीची बातमी पोहोचली. आज वसतिगृहाच्या खोलीत एकटाच खचलेल्या आपल्या वस्तीतील पोरापर्यंत अशी बातमी घेऊन कोण जाणार आहे?