१६/३३० खजूर रोड

दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ‘इंडियन ओशन’ची तालीम वर्षानुवर्षं चालली, त्याचा पत्ताच २०१०च्या या अल्बमला मिळाला. बँडने तो कोणत्याही कंपनीच्या हाती न देता स्वतः काढला. जुलैपासून दरमहा एक, अशी सात गाणी इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येत होती. एवढ्या नावाजलेल्या बँडसाठी हे मोठंच धाडस! तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले; पण इथे त्यांचा आवाज आणि तबला दोन्ही आहेत, आणि अल्बम ऐकावा तो आधी त्यासाठीच. सोबत सुष्मित सेन (गिटार), अमित किलम (ड्रम) आणि राहुल राम (बास). राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनातले कार्यकर्ते. ‘कंदिसा’ या आधीच्या अल्बममधलं ‘मा रेवा’ नर्मदेच्याच खोऱ्यातल्या लोकगीतावर बेतलेलं आहे.