स्लो पीसी? आता होऊ द्या सुसाट!

माहीत आहे का? तुम्ही ज्याला रोज वैतागून 'डबडं' म्हणता, तो टेबलावरचा पीसी १९९१ मध्ये असता, तर देशभर ब्रेकिंग न्यूज झाली असती! त्या वर्षी पुण्याच्या सी-डॅकने भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर 'परम ८०००' जगापुढे आणला. टीमचे कॅप्टन होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. आकडेमोडीच्या शर्यतीत आजचा साधा लॅपटॉपही त्या 'परम'ला आरामात मागे टाकतो.

मग असा पैलवान एक्सेलची फाइल उघडताना धापा का टाकतो? कारण सोपं आहे. बहुतेक वेळा पीसी म्हातारा झालेला नसतो, त्याच्या पाठीवर ओझं झालेलं असतं. ओझं उतरवा, गडी पळायला लागतो. आणि बरंचसं ओझं फुकटात उतरतं! चला तर नांदेड-लातूरकरहो, माउस धरा, सीट बेल्ट बांधा!

रीफ्रेशचा रिकामा राउंड

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्यांच्या एमएस-सीआयटी कोर्सने गावोगावच्या पोरापोरींच्या हातात पहिल्यांदा माउस दिला. त्याबरोबर एक सवयही घरोघरी पोचली. डेस्कटॉपवर राइट क्लिक, रीफ्रेश, रीफ्रेश, रीफ्रेश!

माहीत आहे का? त्या रीफ्रेशने पीसीचा वेग एका तसूनेही वाढत नाही. डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, बस्स. मेमरी रिकामी होत नाही, जंक जात नाही. बोटांचा व्यायाम मात्र झकास!

शटडाऊन म्हणजे नुसती डुलकी

आता दचकायची तयारी ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक पीसींवर आधीपासून चालू असते. तुम्ही रात्री शटडाऊन केलं, तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालची कुरकुर आज पुन्हा हजर!

पूर्ण ताजी सुरुवात हवी? मग 'रीस्टार्ट'. हो, रीस्टार्टच! खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' वाचा. रोज रात्री शटडाऊन करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो!

चंद्रावरही चाललेला उपाय

रीस्टार्टला कमी लेखू नका, राव. २० जुलै १९६९. अपोलो ११ चंद्रावर उतरतंय आणि ऐन मोक्याला कॉम्प्युटर '१२०२' नावाचा अलार्म ठोकतोय. अर्थ? काम जास्त झालं! एका रडारकडून येणारे नको ते सिग्नल त्याचा वेळ खात होते. कॉम्प्युटरने काय केलं? झटकन स्वतःला रीस्टार्ट केलं, बिनमहत्त्वाची कामं बाजूला टाकली आणि उतरण्याचं काम चालू ठेवलं. पुढचा इतिहास सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट. चंद्रावर चालतं, चाकूरमध्येही चालेल!

टॅबच टॅब चोहीकडे

त्याच अपोलोच्या कॉम्प्युटरची चालू मेमरी किती होती, माहीत आहे का? सुमारे ४ केबी! आणि तुमच्या ब्राउझरमधला एक साधा टॅब सहज १०० एमबी गिळतो. म्हणजे चांद्रयानाच्या पंचवीस हजार पट मेमरी एका टॅबला, तीही रेसिपी बघायला!

उपाय: क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्स'. बाजूला पडलेले टॅब आपोआप झोपतात आणि क्लिक केलं की उठतात. नको असलेली एक्स्टेन्शन्स मात्र कायमची झोपवा.

सगळ्या बॅचेस एकाच वेळी!

लातूरच्या ट्यूशन एरियात एक बॅच सुटायला आणि दुसरी भरायला एकच वेळ आली, की रस्त्यावर काय होतं? तेच तुमच्या पीसीत रोज सकाळी होतं. विंडोज सुरू होताच मेसेजिंग ॲप, प्रिंटरचं ॲप, क्लाउड, गेम लाँचर, सगळे एकदम दारात!

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर हजर. 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जा आणि गरज नसलेल्यांवर 'डिसेबल' मारा. घाबरू नका, ॲप उडत नाही. तुम्ही बोलवाल तेव्हाच येतं, एवढंच.

जाता जाता एक बोनस: विंडोज ९५ सुरू होतानाचा तो गूढ-गोड सूर आठवतो? तो ब्रायन ईनो या संगीतकाराने बनवला. आणि कशावर बनवला, माहीत आहे का? प्रतिस्पर्धी ॲपलच्या मॅकवर!

४ आणि पुन्हा ४

१७ सप्टेंबर १९९४, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ९५ बाजारात आलं. त्याला किमान रॅम, म्हणजे चालू मेमरी, लागायची ४ एमबी. आज विंडोज ११ ला किमान लागते ४ जीबी. आकडा तोच, भूक हजार पट!

आणि 'किमान' म्हणजे जेमतेम सुरू होण्यापुरतं. रॅम भरली, की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर हलवतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू. म्हणून ४ जीबीवाल्यांनी जमलं तर ८ करा. आधी टास्क मॅनेजरमधला 'मेमरी'चा आकडा बघा. सतत ८०-९० टक्क्यांवर असेल, तरच खिशात हात घाला!

कोचिंग, कोच आणि हार्ड डिस्क

लातूरला कोचिंग जुनं, कोच नवे! हरंगुळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यामुळे शहराचं नाव आता वेगाशी जोडलं गेलंय. पण माहीत आहे का, तुमच्या जुन्या डेस्कटॉपच्या पोटातही एक एक्सप्रेस धावते? हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या बाहेरच्या कडेचा वेग भरतो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास!

३ कोटी ठोके वाया

एवढं पळूनही ही तबकडीच पीसीला अडवते. कसं? एखादी फाइल शोधायला डिस्कच्या हाताला नेमक्या जागी पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. आपल्याला पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. पण ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात ३ कोटी ठोके मोजतो. ३ कोटी! आणि तेही नुसती वाट बघत!

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हेच काम सुमारे शंभर पट लवकर होतं. सगळ्या उपायांत पैसे खर्च करावेत असा नंबर वन उपाय हाच. जुन्या पीसीला एसएसडी लावा आणि घरच्यांची तोंडं बघा!

एक पथ्य: एसएसडीला डीफ्रॅगची सॉफ्टवेअरं लावू नका. विंडोज तिची निगा स्वतः राखतं.

एक टन वजनाचे ५ एमबी

१९५६ मध्ये आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क आणली. आकार कपाटाएवढा, वजन सुमारे एक टन, तबकड्या ५०. आणि जागा किती, माहीत आहे का? साधारण ५ एमबी! आजच्या मोबाइलचा एखादा फोटो ठेवला, की हाऊसफुल.

आणि आपण? 'शुभ सकाळ'चे हजार फोटो सी ड्राइव्हवर सांभाळून बसलोय! सी ड्राइव्ह ठासून भरली, की विंडोजला हातपाय हलवायला जागा उरत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, या वाटेने जा आणि कचरा साफ करा. रीसायकल बिनही रिकामी करा. मात्र 'डाउनलोड्स'वर टिक करण्यापूर्वी मार्कशीट तिथेच नाही ना, हे बघाच! साधारण १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

पारा चढला, वेग पडला

मे महिना, नांदेडचा पारा ४२ च्या पुढे. आपण सावलीत थांबतो, प्रोसेसरही थांबतो! आजचे बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले, की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतात. सकाळी फास्ट आणि दुपारी सुस्त असणाऱ्या पीसीचं गुपित बऱ्याचदा हेच असतं.

पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि मऊ ब्रश किंवा ब्लोअरने धूळ उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरागरा फिरून बिघडू शकतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बुजतात. बऱ्याच वर्षांचा पीसी असेल, तर दुरुस्तीवाल्याकडून थर्मल पेस्ट बदलून घ्या. मोजक्या पैशांत गारेगार!

किड्याचा रेकॉर्ड

कॅबिनेटमध्ये मुंग्या निघाल्या? तुम्ही ऐतिहासिक कंपनीत आहात! ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेतल्या हार्वर्डच्या मार्क-२ कॉम्प्युटरमध्ये चक्क एक पतंग अडकलेला सापडला. इंजिनिअरांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि आज ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तुमच्याकडचे पाहुणे मात्र जपू नका, झाडून टाका!

फॉण्टची फौज

लग्नसराई आली, की डीटीपीवाल्यांचे पीसी घामाघूम. पत्रिका, बॅनर, आणि त्यासाठी शेकडो फॉण्ट! कोरल किंवा वर्डसारखं सॉफ्टवेअर उघडताना ही सगळी फौज मोजावी लागते. रोजचे वापरातले ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये कॉपी करून विंडोजमधून काढून टाका.

आणि हो, विंडोजमधला 'मंगल' फॉण्ट कोणी घडवला, माहीत आहे का? आयआयटी मुंबईत शिकवणारे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी. आपल्या देवनागरीला पडद्यावर रूप देणारा माणूस मराठी होता. कॉलर ताठ करा!

भाऊ विरुद्ध भाऊ

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन', १९८६. बनवला लाहोरच्या दोन भावांनी, आणि आत चक्क स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला! इकडे महाराष्ट्रात? पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी 'क्विक हील' अँटिव्हायरस उभा केला. व्हायरसही दोन भावांचा, उताराही दोन भावांचा!

पण एका पीसीत दोन अँटिव्हायरस नकोत. दोघेही प्रत्येक फाइल तपासत बसतात आणि पीसी रडकुंडीला येतो. एकच ठेवा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तर फुकटच आहे. 'एका क्लिकमध्ये पीसी रॉकेट' म्हणणारे बूस्टर आणि फुकटातली क्रॅक सॉफ्टवेअरं, दोघांनाही दारातूनच नमस्कार!

लाइट गेली, फाइल गेली

मराठवाड्यात लाइट कधी जाईल, सांगता येत नाही. लिहिता लिहिता वीज गेली, की डिस्कवरची फाइल अर्धवट राहते आणि पुढे पीसी चालू व्हायलाच वेळ लावतो. सी ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये, 'टूल्स'खाली 'चेक' आहे, ते चालवा. डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवाच. लॅपटॉपवाल्यांनो, 'बॅटरी सेव्हर' चालू राहिला असेल तर तोच वेग कापत असतो, तेवढा बघा.

पीसी स्लो की सर्व्हर?

प्रवेशाच्या कॅप राउंडची शेवटची तारीख, ऑप्शन फॉर्म उघडेना आणि शिव्या खातोय बिचारा पीसी! सोपी टेस्ट: नोटपॅड उघडा. तो झटकन उघडला आणि दुसरी वेबसाइटही चालली, तर दोष तुमच्या पीसीचा नाही, त्या वेबसाइटच्या सर्व्हरचा. नोटपॅडही रखडला, तर मात्र वरची यादी पुन्हा पहिल्यापासून!

दहाला टाटा, पेंग्विनला हाय!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. अनेक जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग भंगारात? मुळीच नाही! विंडोजच्या जागी बसणाऱ्या पेंग्विनवाल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती अशा पीसीवर हलकीफुलकी चालते, तीही मोफत. आणि माहीत आहे का, सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्सही बनवली आहे, मराठीची सोय असलेली! पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, आवडली तर बसवा. बसवण्यापूर्वी फाइलींची कॉपी दुसरीकडे काढायला मात्र विसरू नका.

आता तुमची पाळी!

येत्या रविवारी एवढंच करा, आणि याच क्रमाने: रीस्टार्ट, स्टार्टअपची छाटणी, सी ड्राइव्हची सफाई, धुळीचा निकाल. हे चारही फुकट. तरी फरक पडला नाही, तरच एसएसडी, मग रॅम, आणि नवा पीसी सगळ्यात शेवटी. आणि जुना खरंच बदललात, तर त्याला माळ्यावर टाकू नका. साफ करून, लिनक्स घालून, गावाकडच्या एखाद्या शिकणाऱ्या पोरीला द्या. तिच्यासाठी तो अजूनही सुपरकॉम्प्युटरच आहे!